काळ्या ओट्यावरचं पीठ

"आत्या, हा रंग लावलास ना, तर उद्या फ्लॅट बघायला आलेला माणूस दारातूनच मागं फिरेल."

प्रज्वलने कपाटांसाठीचा डाळिंबी रंगाचा नमुना दोन बोटांत धरून उजेडाकडे केला, दुधात पडलेली माशी उचलावी तसा. रिकाम्या स्वयंपाकघरात तिघं फरशीवर बसली होती. तो, त्याची आत्या दीपमाला आणि सुतारकाम करणारा समाधान. मोरीचा पाइप गळून गळून जुन्या कपाटांच्या फळ्या पावासारख्या फुगल्या होत्या, म्हणून ओट्यासकट सगळंच काढून टाकावं लागलं होतं. भिंतीवर ओटा होता तिथे नुसता सिमेंटचा व्रण उरला होता.

"मग काय लावू म्हणतोस?"

"हा बघ. लाइट ग्रे. वर ओट्याला पांढरा क्वार्ट्झ. सध्या सगळीकडे हेच आहे."

"खरंय ताई," समाधान म्हणाला. तो जालन्याकडचा. "जिथं जावं तिथं ग्रेच बसवायलो बघा. परवा तर माझ्या सपनात बी ग्रे कपाट आलतं."

दीपमाला हसली. "ग्रे लई बघितला बाबा मी. आता बघवत न्हाई."

ते खरंच होतं. चाकणला गाड्यांचे बंपर रंगवणाऱ्या कंपनीत ती तपासणीच्या टेबलावर होती, कालपरवा निवृत्त होईपर्यंत. रंगाच्या भट्टीतून निघालेला माल तिच्यापुढे यायचा. ट्यूबलाइटच्या रांगेखाली मान तिरकी करून ती त्यातला धुळीचा कण शोधायची, रंगाचा ओघळ शोधायची. पांढरा, चंदेरी, करडा. पुन्हा पांढरा. कधीतरी मधेच एखाद्या शिफ्टला लाल लॉट लागायचा, आणि त्या दिवशी टेबलावरच्या बायका उगाचच एकमेकींना चहा आणून द्यायच्या. एकदा तिने साहेबांना विचारलंही होतं, लाल एवढा कमी का येतो म्हणून. साहेब म्हणाले, "लोक गाडी घेतानाच ती विकायचा विचार करतात हो, दीपमालाताई. पांढरी कुणालाही चालते."

कुणालाही चालते. हे शब्द तिच्या डोक्यात बसले होते.

"आणि ओट्याला काय म्हणे, कडप्पा!" प्रज्वल समाधानकडे बघून बोलत होता, पण ऐकवत आत्याला होता. "कडप्पा आता लोक बाथरूमच्या कट्ट्याला वापरतात. काळ्यावर जरा पीठ सांडलं तरी दिसतं."

"दिसू दे की. माझ्या घरात पीठ मळलं जातंय, एवढं तर दिसू दे."

"आत्या, चेष्टा नको ना. मी तुझ्या भल्यासाठीच सांगतोय. उद्या विकायचं झालं तर—"

"उद्या म्हंजी कधी?"

"म्हणजे... सहज. कधीतरी."

"माझ्या माघारी व्हय?"

समाधानने टेप उघडली आणि मघाशी मोजलेली भिंत पुन्हा मोजायला घेतली. खालून टेम्पोचा हॉर्न आला. प्रज्वलचे कान लाल झाले होते. लहानपणी फुलपात्र फोडलं की व्हायचे तसेच.

कीर्तनात बुवा मूळ अभंग बाजूला ठेवून दृष्टांताकडे वळतात, तसं इथे थोडं मागे जायला हवं. त्याशिवाय हे लाल कान कळायचे नाहीत.

दीपमालाचं माहेर लातूर जिल्ह्यातलं. लग्न झालं आणि दुसऱ्या संक्रांतीच्या आधी नवरा गेला. भाऊ रोहिदास दापोडीला होता, रेल्वे लायनीजवळच्या दोन खोल्यांत. त्याने बहिणीला आणलं, मोठ्या मनाने आणलं. पण चूल वहिनीची होती. दीपमाला तिथे भाजी चिरायची, पीठ मळायची, भांडी घासायची. फोडणी कधी घातली नाही. फोडणी घरधनिणीची. पुढे चाकणला नोकरी लागली, महाळुंग्यात खोली घेतली, तर तिथल्या मालकिणीने भिंतीला खिळा ठोकू दिला नाही. मग तिथलाच हा फ्लॅट. स्वतःचा. पण बिल्डरने लावलेल्या टाइल्स, बिल्डरने घातलेला ठिपक्यांचा ग्रॅनाइट, आणि तिनेही आल्या दिवसापासून पाहुणीसारखा तो सांभाळला. आवडतं का, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने स्वतःलाही नाही.

या सगळ्यात प्रज्वल होता. भावाचा मुलगा, पण दापोडीच्या त्या दोन खोल्यांत तो झोपायचा आत्याच्याच कुशीत. आता माण गावातल्या आयटी कंपनीत होता, तिथेच उंच इमारतीत राहत होता, आणि महिन्यातून एखादा रविवार आत्याकडे यायचा. भाऊ-वहिनी गावी परत गेल्यापासून या बाजूला तिचं म्हणावं असं तेवढंच माणूस. "दोन-तीन वर्षांनी तू आमच्याकडेच येऊन राहा," असं तो म्हणायचा, आणि ते तो मनापासून म्हणायचा. यात खोट नव्हती.

ती राहून आलीही होती, निवृत्त झाल्या झाल्या. त्यांचं स्वयंपाकघर पांढरंशुभ्र, दवाखान्यासारखं. दीपमालाने वरणातला पळा ओट्यावर टेकवला. प्रज्वलची बायको विजयश्री हसतमुखाने आली, फवारा मारला, पुसलं. दुपारी हळदीचं बोट लागलं. विजयश्री आली, पुसलं. एक शब्द बोलली नाही ती पोर. संध्याकाळी दीपमाला पाणी प्यायला गेली, तर फुलपात्र खाली ठेवण्याआधी तिनेच खाली पदर धरला. मग तिच्या लक्षात आलं, आणि ती तशीच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ती महाळुंग्याला परत आली. "कीर्तनं चुकायलीत माझी," म्हणाली.

"आत्या, मला तसं म्हणायचं नव्हतं," प्रज्वल म्हणाला.

"माहीत हाय रे राजा. तुला कुठं वाईट बोलता येतं." तिने त्याच्या हातातला नमुना घेतला, अंगठ्याने पुसला. "पर बघ, घर घेतल्यापासून मी ह्याला उद्याच्या माणसासाठीच जपायले. तो कोण, कुठला, मला ठाऊक न्हाई. आजच्या माणसाला बी जरा घेऊ दे की."

"पण हाच रंग का? काही कारण?"

ती विचारात पडली. खरंच कारण शोधलं तिने. सापडलं नाही.

"आवडतो," ती म्हणाली.

प्रज्वल उठला. "ठीक आहे. तुझं घर आहे." चहा तसाच ठेवून तो गेला. जिन्यातून त्याच्या बुटांचा आवाज खाली गेला. मग समाधान हळूच म्हणाला, "ताई, अजून बी इचार करा. पोरगं नाराज होऊन गेलं. रंग काय, रोजचाच हाय. माणूस रोज येत न्हाई."

दीपमाला त्या थंड होत चाललेल्या चहाकडे बघत होती. तिच्या ओठांवर आलं होतं, ग्रे तर ग्रे लाव बाबा. विठ्ठला, एवढ्याशा फळीपायी घरातला एकुलता पायरव तुटायला नको.

"डाळिंबीच लाव," ती म्हणाली.

काम झालं. समाधानने कपाटांना डाळिंबी दारं, म्हणजे त्याच्या भाषेत शटरं, लावली, कडप्पा बसवला, आणि जाताना स्वतःच दारात थांबून बघत राहिला. "ताई, आपण तर ग्रेवालेच. पर हे... जेवायला बोलवल्यावानी वाटायलंय बघा." दीपमालाने फोटो काढून प्रज्वलला पाठवला. उत्तरात नुसता अंगठा आला.

मग एक रविवार गेला. दुसरा गेला. फोन व्हायचे, पण भरल्या ताटावरून उठल्यासारखे, मधेच संपायचे. "कामं खूप आहेत गं." ती म्हणायची, "असू दे, असू दे."

एकटीच्या स्वयंपाकाला केवढा ओटा लागतो? वीतभर. बाकीचा काळा दगड रिकामा चमकायचा. सकाळी ऊन आलं की डाळिंबी शटरांचा उजेड समोरच्या भिंतीवर पडायचा, आणि ती कपबशी हातात घेऊन त्या उजेडाकडे बघत बसायची. सुंदर दिसायचं. सुंदर गोष्ट एकट्याने बघायला जरा जड जाते, एवढंच.

चैत्रात गावचा हरिनाम सप्ताह बसला. देऊळ तिच्या खिडकीसमोरच. मधे रस्ता, मग मंडप. महाळुंग्याला कंपन्यांनी चहूबाजूंनी वेढलं, तरी मूळ गावकऱ्यांनी सप्ताह मोडू दिला नव्हता. रोज संध्याकाळी कीर्तन. दीपमाला दरवर्षी सातही दिवस जायची, बायकांच्या बाजूला अगदी मागच्या खांबाशी बसायची. बुवा चाल उचलायचे, टाळकरी मागे सरकून पुढे यायचे, पखवाज घुमायला लागायचा, आणि ती डोळे मिटून टाळ्यांचा ठेका धरायची. एका वर्षी धीर करून तिने समितीच्या नानासाहेबांना विचारलं होतं, एका दिवसाचं कीर्तनकार महाराजांचं जेवण माझ्याकडे ठेवाल का? नानासाहेब भला माणूस. हात जोडून म्हणाले, "ताई, तुमी श्रद्धेनं इचारलं, पर म्हाराजांची पूजा जोडप्यानं करायची असती. रीत हाय ती. तुमी मंडपात वाढायला या की." ती वाढायला गेली होती. पुन्हा विचारलं नाही.

सप्ताहातला रविवार आला तेव्हा तिने प्रज्वलला आधीच सांगून ठेवलं होतं. "संध्याकाळी जेवायला या दोघं. पुरण घालते. नवा ओटा अजून कोरा हाय माझा." तो म्हणाला होता, "येतो गं, नक्की."

दुपारपासून ती लागली होती. पुरण शिजलं, वाटलं, जायफळ किसून झालं. परातीत कणीक घेतली, मीठ घातलं, तेल सोडलं, तिंबून तिंबून लोण्यासारखी केली. काळ्या दगडावर पीठ उडालं होतं. आणि तेवढ्यात खालून हाक आली.

"ओ लाल खिडकीवाल्या बाई!"

तिने वाकून पाहिलं. रस्त्यावर एक म्हातारा वर बघत उभा होता. पांढरी टोपी, कपाळाला बुक्का. चिमाजीबुवा, देवळातले पखवाजी. इतकी वर्षं ती त्यांचा वाजवणारा हात ओळखत होती. ते तिला ओळखत असण्याचं कारण नव्हतं.

"जरा कनीक मिळंल का मूठभर? पखवाजाला लावायला!"

"या की वर, बुवा!"

पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापल्याशिवाय त्याला खर्ज येत नाही. रोज कीर्तनाआधी ताजी लावायची, कीर्तन संपलं की खरवडून काढायची. कीर्तनाला बसणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं, पण ती कणीक कुणाच्या घरून येते, हे कुणी विचारत नाही.

जिना चढून बुवांना धाप लागली होती. ते दारातच थांबले. "सुनबाईकडं मागितली तर म्हनती, मामंजी, पोळ्या आता आमी बाहेरनंच आनतो. घरात पीठच न्हाई! मंडपातल्या आचाऱ्याला इचारलं, तर त्यानं मैद्याचा गोळा दिला. मी काय समोसे तळू व्हय पखवाजात?"

दीपमालाला किती तरी दिवसांनी मोकळं हसू आलं. तिने परातीतला चांगला मोठा गोळा काढून त्यांच्या डब्यात घातला. बुवा "पांडुरंग भलं करो" म्हणत उतरून गेले.

थोड्याच वेळात पुन्हा हाक. या वेळी आवाजात जरा धार होती. ती जिन्यातच सामोरी गेली.

"ताई, ह्यात तेल घातलंय का काय?"

"घातलंय की. आणि मीठ बी." मग तिच्या लक्षात आलं. "अगं बाई."

"तेलाची कनीक कातड्याला धरती व्हय? थापली की घसरली, थापली की घसरली. टाळकरी पोरं हसाया लागली. म्हनली, बुवा, पोळीच लाटा आता!"

"चुकलं माझं. नुसती मळून देते. बसा तुम्ही."

"मी बी येडाच. बघून घ्यायला पायजे हुतं." ते आत येऊन फरशीवरच टेकले, भिंतीला पाठ लावून.

तिने परात बाजूला सारली. कडप्पा स्वच्छ पुसला आणि दगडावरच कोरडं पीठ घेतलं. मधे खळगा केला, पाणी घातलं. ना मीठ, ना तेल. बुवा बसल्या जागेवरून सांगत होते. "अजून जरा सैल. हां. आता चिकट हुंद्या. पोळीला जी वाईट, ती पखवाजाला चांगली, असं समजा." ती मळत होती. दोन्ही हातांनी, खांद्यातून जोर देऊन. एवढा रुंद ओटा पहिल्यांदाच पुरता कामाला येत होता.

बुवांची नजर घरभर फिरली. "रंग झ्याक केलाय. गाभाऱ्याच्या जुन्या दारावानी. ते दार काढलं आता, ष्टीलचं बसिवलंय."

"पुतण्या म्हणतो, असा रंग कुणी लावत न्हाई."

"मग बरंच हाय की! मी मंडपात हुबा ऱ्हाऊन बघत हुतो, कुनाकडं जावं. समद्या खिडक्या सारक्या. हीच एक आतल्या लाल कपाटांनी येगळी दिसली. म्हनलं, हिथं कोनीतरी सैपाक करत आसंल."

तिने गोळा डब्यात दिला. मग ताट घ्यायला वळली. "दोन घास खाऊन जा. गरम पोळी टाकते."

"न्हाई ताई. पोट भरलं की हात जड पडतो. हे खरवडून निघंल ते देवळाम्होरच्या गाईला घालतो, म्हंजी तुमचंच अन्न झालं ते." ते भिंत धरून उठले. दारातून वळून म्हणाले, "उद्या बी याच टायमाला येऊ का? सप्त्याचा काला होईस्तवर?"

"या," ती म्हणाली. 

ते जातात न जातात तोच फोन वाजला.

"आत्या, अगं सॉरी. विजयश्रीच्या ऑफिसमधली मंडळी अचानक आलीत घरी. आज नाही जमणार. पुढच्या रविवारी नक्की."

"बरं."

"रागावलीस?"

"न्हाई रे. पाहुणे आले म्हंजी काय करणार. त्यांना नीट जेवायला घाल."

"तू जेव हं पण वेळेवर."

"व्हय."  पलीकडे त्याने फोन ठेवला नव्हता. मागे कुणीतरी हसत होतं, भांड्यांचा आवाज येत होता.

"आत्या... ते किचन. फोटोत चांगलं दिसतंय."

"फोटोत काय बघायलास," ती म्हणाली. "ये की."

फोन ठेवल्यावर तिने मांडलेल्या तीन ताटांतली दोन फडताळात ठेवली. तवा तापवला. एक पोळी केली, तुपाची धार सोडली, देवापुढे ठेवली. पुरणाचं पातेलं झाकलं. मग ओटा पुसायला फडकं घेतलं आणि थांबली.

काळ्या दगडावर पिठाचं एक मोठं वर्तुळ उमटलं होतं. मधे गोळा होता तिथे दगड काळाभोर, भोवती पांढरी कड, आणि कडेला तिच्या तळव्याचे ठसे.

समोर मंडपात टाळ वाजायला लागले होते. कीर्तनकार बुवांनी मंगलाचरण उचललं. तिने फडकं धुऊन खुंटीला अडकवलं, न वापरता. पदर नीट केला. दिव्याच्या बटणापर्यंत हात गेला, पण तिने दिवा तसाच राहू दिला आणि दार ओढून घेतलं.

मागच्या खांबाशी तिची जागा रिकामी होती. ती बसली तेव्हा चिमाजीबुवा मान खाली घालून पखवाजाच्या डाव्या तोंडावरची कणीक बोटांनी सारखी करत होते. पांढरा गोल, ओलसर. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. मग हात उचलला आणि थाप मारली. आवाज खोल गेला, मंडपाच्या कापडाला भिडून परत आला.

सगळे टाळ्या वाजवू लागले. दीपमालाही वाजवू लागली. तिच्या नखांत अजून पीठ होतं. वाजवता वाजवता तिने एकदा मान वळवून वर पाहिलं. रस्त्यापलीकडे इमारतीच्या खिडक्या ओळीने उजळल्या होत्या, सगळ्या पांढऱ्या. त्यांत एकच लाल होती. आत कुणी नव्हतं, आणि दिवा चालू होता.